खोडवा

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी आम्ही गुडघ्यांवर बसलो,
मी, एस्तेर अपोलोत, आणि ज्याची जमीन तो ऑर्विल,
कॅन्ससच्या वाऱ्याकडे पाठ करून,
तीनशे बारा खोडांच्या बुडाशी
बोटाने माती उकरत.

हिवाळ्यात इथे उणे बावीस.
जमीन हातभर खोल लोखंड.
पहिली ओळ मेलेली. दुसरी मेलेली.
मी वहीत फुल्या मारत गेले,
हजेरीपटावर माराव्यात तशा.

ऑर्विल म्हणाला, "चाळीस वर्षं ह्या गवतावर
मी विष फवारलं. आता माझ्याच रानात बसून
तुम्ही त्याला जग म्हणून विनवताय."

खरं होतं त्याचं.
बाप मालदांडी, पण आई बरू:
बांधावरचं ते हटवादी तण,
ज्याच्या कांडीला टोक काढून कधीकाळी लोक मोडी लिहायचे.
नांगरा, जाळा, उपटा,
पुन्हा वर येणारच.
आम्हाला हट्ट तिचा हवा, दाणा त्याचा.
ही सोयरीक जुळवण्यात तेवीस वर्षं गेली,
त्यातली शेवटची सहा माझी.

बापाचं पाकीट शीतगृहातून आलं
तेव्हा त्यावर गावाचं नाव होतं, इंग्रजीत, चुकलेलं.
उंची, पाऊस, मातीचा रंग,
गोळा करणाऱ्या साहेबाची सही.
जिने कणगीतून मूठभर काढून दिलं
तिच्यासाठी रकानाच नव्हता.
मी पेन्सिलीने एक आखला.
अजून रिकामाच आहे.

एस्तेर सोरोटीची. तिच्या घरी ह्याचा आटाप रांधतात.
दुपारी डबा उघडता उघडता ती म्हणाली,
"एकदा पेरायचं, पाच वर्षं कापायचं, छान.
माती वाहून जायची थांबेल, तेही छान.
पण पहिल्या साली निम्मंच पिकलं
तर उरलेलं निम्मं कुणाच्या ताटातून वजा करायचं?
आणि कापणी झाली की गावची गुरं मोकळी सुटतात.
त्यांना कोण सांगणार
की हे खोड मेलेलं नाही?"

मला उत्तर आलं नाही.
प्रश्न वहीत उतरवून घेतला, तारखेसह,
फुटव्यांच्या रकान्याशेजारी.

लांब, एलिव्हेटरचे पांढरे मनोरे.
त्यांत गेल्या हंगामाची ज्वारी ठासून भरलेली.
इथे तिला मायलो म्हणतात.
गुरांना जाते, डुकरांना जाते, गाड्यांच्या टाकीत जाते.
ऑर्विल तिच्याच शेजारी सत्तर वर्षांचा झाला,
कधी चाखलेली नाही.

सातव्या ओळीत एस्तेर थांबली.
हाक मारली नाही,
फक्त डोक्यावरची टोपी काढून
वाऱ्याच्या आड धरली.
काळ्या खोडाच्या बगलेत
एक कोंब. जांभळट. नखाएवढा.

संध्याकाळपर्यंत अकरा सापडले.
तीनशे बारांतले अकरा.

मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला शब्द आहे: खोडवा.
ऑर्विलने तीनदा म्हणून पाहिला,
दर वेळी 'ड'पाशी जीभ अडखळली.
एस्तेरला पहिल्याच झटक्यात जमला.

ऑक्टोबरात अकरा ताटांचे मिळून
दोनशे चाळीस ग्रॅम.
तीन भाकऱ्या,
म्हणजे, केल्या असत्या तर.
आम्ही पाकिटं केली.
एक सोरोटीला, एक सोलापूरला, एक पुन्हा थंडीत.

उरलेल्या चिमटीतला एक दाणा
ऑर्विलने दाढेखाली फोडला
आणि एलिव्हेटरकडे बघत
बराच वेळ चावत राहिला.
"इतकी वर्षं," तो म्हणाला,
"आणि एका गायीने मला सांगितलं नाही."