चौथा मावत नाही

दाल्काउएच्या धक्क्यावर, तिकीटघराच्या मागच्या खोलीत
एकच संगणक. शेजारी शेगडी, शेगडीवर किटली,
आणि भिंतीवर सात मिनिटं पुढे धावणारं घड्याळ,
जे कुणी मागे करत नाही,
कारण फेरीबोट तशीही उशिराच सुटते.

माणसं तीन, ब्राउझर तीन.
हे कुणी ठरवलं नव्हतं;
जेवायला बसायच्या जागा ठरतात, तसं ठरत गेलं.

एलिसेओ कार्कामोचा कोल्हा.
त्यात भरती-ओहोटीचं कोष्टक, फुटबॉल,
आणि जाहिराती अडवणारं कसलंसं कुलूप,
ज्याचे गुण तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो.
मलाही ऐकवले. कॉफी गार झाली.

ओविदिओ मान्सिया इंजिनवाला, नखांत कायमचं डिझेल.
त्याचं रंगीत चक्र. त्रेचाळीस टॅब उघडे,
एकेक इतका बारीक की नाव वाचता येत नाही.
बंद कर म्हटलं की म्हणतो, "लागेल."
त्यातल्या एकात एका पंपाचा वायसर आहे.
तो पंप ज्या बोटीत होता ती बोट विकून सहा वर्षं झाली.

आणि म्हातारे बाउदिलिओ ओयार्सो, आमचे साहेब.
त्यांचा निळा, संगणकाबरोबर आलेला.
"आला तो आपला," म्हणतात,
घरजावयाबद्दल बोलावं तसं.

मी चौथी. एप्रिलात हिशेबाला लागले.
"मला कुठला?"
ओविदिओनं मशीनच्या पाठीवर हात ठेवला,
दमलेल्या बैलाच्या ठेवतात तसा.
"चार जीबी. चौथा मावत नाही."

दोन रात्री फोनवर वाचत बसले:
कुठला पळतो, कुठला मेमरी खातो,
कुठला आपल्याला गुपचूप विकून येतो.
प्रत्येकाचं म्हणणं, पाळत ठेवतात ते बाकीचे.

मग एलिसेओच्याच कोल्ह्यात खासगी खिडकी उघडून राहिले,
भाड्याच्या खोलीत खिळा न ठोकता राहावं तसं.
रोज सकाळी पासवर्ड, रोज बँकेला संशय,
रोज त्याच दाराशी सांगायचं, कुकीज नकोत.
संध्याकाळी खिडकी मिटली की मी तिथे कधी नव्हतेच.
पहिला आठवडा बरं वाटलं हे, खोटं कशाला बोलू?
कास्त्रोतून निघाले तेव्हा
मागचं सगळं एका बोटानं असं मिटलं असतं तर.

जूनमध्ये वारा चढला. बंदर बंद.
चौघं एका खोलीत, एका शेगडीभोवती.
तेव्हा लक्षात आलं,
बाउदिलिओ काचेवरची वाफ बाहीनं पुसून समुद्र बघतात,
स्क्रीनकडे मान वळत नाही.
"निळा उघडत नाही तुम्ही?"
"मला वारा तेवढा बघायचा असतो. तो इथून दिसतो."
मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "घे तूच. झाडून घे फक्त."

झाडायला काही नव्हतंच.
इतिहास रिकामा. बुकमार्क एक, नाव "रेने".
उघडला तर पुंता आरेनासच्या बंदरावरचा कॅमेरा:
एक क्रेन, थोडे पक्षी, ओला काँक्रीट.
दर मिनिटाला चित्र बदलतं, म्हणजे पक्षी जागा बदलतात.
क्रेनखाली कुणी दिसत नाही.
मी विचारलं नाही.
एलिसेओसुद्धा गप्प होता,
त्यावरून काय ते समजले.

आता माझी तिकिटं, खाती, बँक, सगळं निळ्यात.
हळू आहे. फॉन्ट बुटके.
सकाळी आधी रेने उघडते,
स्क्रीन शेगडीकडे वळवते
आणि नाणी मोजायला पुढच्या खोलीत जाते.
थोड्या वेळानं हाक येते:
"तिकडेही वारा आहे गं आज."

दर सोमवारी निळा विचारतो,
मला कायमचा निवडायचा का?
बटणं दोनच: हो, आणि आत्ता नको.
मी आत्ता नको दाबते,
आणि त्यातच कामाला बसते.