सात आणि आठ

मुहर्रकला, लाँड्रीच्या वरच्या खोलीत
मी एक खेळ बांधतेय.
ना रिमोट, ना हातमोजे, काही उतरवून घ्यायचं नाही.
लिंक उघडा, ब्राउझर विचारेल, कॅमेरा वापरू का,
हो म्हणा,
आणि रिकामा हात वर करा.

तळाशी शिंपले वेचणारा एक पाणबुड्या आहे.
त्याचा दोर तुमच्यासमोरच्या हवेत.
बोट वर करून फिरवलंत की तो वर येतो,
मूठ वळलीत की थांबतो.
श्वास चाळीस सेकंदांचा.

माझ्या हाताचं तो सगळं ऐकायचा.
पण माझा हात म्हणजे काय,
कीबोर्डावर वाढलेला, पांढऱ्या भिंतीपुढचा.
म्हणून खालच्या शरफुद्दीनचाचांना बोलावलं.
बाणकोटचे तिसेकर. बंदरावर क्रेनला इशारे देतात,
सव्वीस वर्षं. भरलेला कंटेनर
त्यांच्या मनगटाकडे बघत बघत उतरतो.

ते हात धुऊन आले, जेवायला बसायचं असल्यासारखे.
कुठं बघू, म्हणाले.
कुठंही बघा, हात तेवढा दाखवा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.
उजवी तर्जनी दुसऱ्या पेरापाशीच संपते.
साखळीत बोट गेलं, म्हणाले,
आणि बोट वेळेवर गेली.
एवढंच.

पडद्यावर मात्र एकवीस ठिपके.
एकवीसच्या एकवीस.
प्रोग्राम शून्यापासून मोजतो,
त्याच्या हिशेबात सात आणि आठ म्हणजे तर्जनीचा शेंडा.
तो त्यानं काढला होता,
हिरवा, सरळ, जरासा थरथरता,
जिथं काहीच नव्हतं तिथं.

मी ओशाळले.
म्हटलं, चाचा, ह्याला हजारो हात दाखवून शिकवलंय,
बहुतेक सगळे धडधाकट.
न दिसलेलं तो अंदाजानं भरतो.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ गेले.
उरलेलं पेर सावकाश फिरवलं.
हिरवा शेंडा फिरला.
पाणबुड्या तळापासून सुटला.

वरच्या त्या अल्ताफला पण असंच दिसत असंल, म्हणाले,
चाळीस मीटरवर काचेत बसतो तो.
पंधरा वर्षं झाली,
बोट कुठाय म्हणून कधी विचारलंन नाही.

मग बराच वेळ नुसते पेर फिरवत राहिले,
वर, आणखी वर,
माल नसलेल्या आकड्याला हवा उचलायला लावत.
लॅपटॉप तापला, पंखा घरघरला,
चित्रं अडखळायला लागली,
आणि पृष्ठभागापासून हातभर खाली
पाणबुड्याचा श्वास संपला.

दुरुस्तीच्या यादीत मी लिहिलं होतं:
सात आणि आठ, नसताना दिसतात.
खाली आता दुसरी ओळ लिहिली:
वेग वाढवणे. तातडीचं.
पहिलीपुढे काय लिहावं ते सुचेना.

मेला काय गं, चाचांनी विचारलं.
हो.
त्यांनी हात विजारीला पुसला, पुन्हा वर धरला.
लाव परत.