पंक्तिप्रपंच

मोहाडीच्या पॅकहाउसात पहाटे साडेचारला
इंदुबाई गांगुर्डे मण्यांवर कडी फिरवते.
सोळा मिलिमीटरची.
मणी अडला तर युरोप,
सुळकन निसटला तर नाशिकरोडचा बाजार.
युरोप कुठे ते तिला ठाऊक नाही.
कडी ठाऊक आहे.

मी काचेआड बसून कागद करते.
शून्य आठ शून्य सहा दहा :
प्रत्येक बंदरावर द्राक्षाचं हे एवढंच नाव.
इथे थॉमसन, सोनाका, माणिक चमन,
आणि आंबट निघालेल्या वेलीला
माझे दीर ठेवतात ती नावं वेगळी.

एकदा प्रशिक्षणाला बोलावलं, अंबडच्या हॉटेलात.
पडद्यावर ओळ आली : सर्वाधिक अनुकूल राष्ट्र.
साहेब म्हणाले, याचा अर्थ लाडकं कुणीच नाही,
एकाला दिलं ते सगळ्यांना द्यायचं.
मागून एक म्हातारा बागाईतदार बोलला,
'पंक्तिप्रपंच करायचा नाही, असं सांगा ना सरळ.'
साहेबांनी ते लिहून घेतलं.
मीही.

तेव्हापासून करार वाचताना मला पंगत दिसते.
एकशे सहासष्ट पानं मांडलेली,
मीठ सगळ्यांना, लिंबू सगळ्यांना,
मग तूप येतं,
आणि तुपाची धार एखाद्या पानावर जरा रेंगाळते.
त्याला मुक्त व्यापार करार म्हणतात.
त्यालाही नियमात जागा आहे, कलम चोवीस.
वाढप्याचा जावई बसलाय म्हटल्यावर कोण बोलणार?

तक्रारीची सोय आहे.
जिनिव्हात पंच आहेत, पंचांवर अपिलाचं पीठ,
पीठावर खुर्च्या सात,
बसलेलं कुणी नाही.
आमच्या तलाठी कार्यालयासारखंच,
फक्त तळ्याकाठी.

माझे वडील पेठ नाक्यावर जकात कारकून होते.
ताडपत्री उचलून नुसत्या वासावर सांगायचे,
'वर हळद आहे. खाली काय लपवलंय ते तूच सांग.'
जकात गेली, त्या खोलीत आता पंक्चरवाला.
बाबा म्हणायचे, नाका म्हणजे गावानं विचारलेला प्रश्न :
काय आणलंस, किती आणलंस.
कुणासाठी, हे विचारायचा अधिकार
आम्हाला नव्हता.

एका फेब्रुवारीत रॉटरडॅमहून मेल आला.
कंटेनर थांबवलाय.
नमुन्यात औषधाचा अंश शून्य पूर्णांक शून्य दोन,
चालतो शून्य पूर्णांक शून्य एक.
किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा जास्त.
मी त्यांना ठेवणीतल्या शिव्या दिल्या.
त्याच आठवड्यात, रात्री अकराला,
दिल्लीनं कांद्याची निर्यात बंद केली.
पिंपळगावपासून ट्रक उभेच्या उभे,
आणि माझ्याकडच्या शिव्या संपलेल्या.

सकाळी इंदुबाई काचेपाशी आली.
'काय चुकलं?'
मी बोटांनी दाखवू लागले, शंभरावा हिस्सा,
बोटं जवळ आणत आणत चिकटली,
तरी तो मोठाच दिसत होता.
तिनं कडी पुढे केली.
'याची कडी कशी असते?'
दिसत नाही, मी म्हटलं.

ती जरा थांबली.
'तिकडून इकडे काय येतं?'
सफरचंदं. बदाम. तुझ्या नातवाचं ते चॉकलेट.
'त्यांनाबी लावता का, न दिसणारी?'

लावतो, मी म्हणाले.
नक्की ठाऊक नव्हतं.