मूठ

पहिल्या खेपेला सात पिशव्या फेकल्या.
आत हिरवी बुरशी, आणि वास
ओली चादर घडी करून विसरल्यासारखा.
दुसऱ्या खेपेला काड वाळलं.
टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले
आणि तिथंच तपकिरी होऊन थांबले,
काही बोलायला आलेले पाहुणे
चहा पिऊन न बोलता जावेत तसे.

मग मी मीटर आणला. साडेचारशेचा.
यादवनगरातल्या आमच्या मागच्या खोलीत
खिळ्याला टांगला.
तो आकडे सांगतो. बासष्ट. अठ्ठावन्न.
पुढं काय करायचं ते सांगत नाही.

मामंजी दारात उभे होते.
हिंदुराव, एकतीस वर्षं उद्यमनगरात मोल्डर.
फाउंड्रीनं कान घेतले, गुडघे घेतले,
हात तेवढे घरी पाठवले.
उकळून निथळत ठेवलेलं भाताचं काड
त्यांनी मूठभर उचललं
आणि आवळलं.

बोटांच्या फटीतून धार लागली.
"लई झालं. फुगे धरतील ह्यात."
फुगे कास्टिंगला धरतात, मामंजी!
मी ओरडून सांगितलं.
"एकच की."

मग वाळूचं सांगत बसले.
कोरडी असली तर साचा ढासळतो.
ओली असली तर तापलं लोखंड आत पडताच
पाण्याची वाफ, वाफेला वाट नाही,
सकाळी साचा फोडावा तर
अख्खा पंप आतून भोकाभोकांचा.
"शेटनं मशीन आणलं हुतं ओल मोजायला.
दर आठ दिसांनी बंद पडायचं."
आणि स्वतःच्या मुठीकडं बघितलं.

काड गच्चीवर, सावलीत, पोत्यावर पसरलं.
दर अर्ध्या तासानं जिना चढून
गुडघ्यांना शिव्या देत वर.
चौथ्या वेळी दोन थेंब आले.
तिसरा बोटाच्या पेरावर जमला,
लोंबला,
पडला नाही.
"भर आता."

एप्रिल होता. खिडकीतून येणारा वारा
ओल चोरून न्यायचा.
त्यांनी दाराला गोणपाट लावलं, भिजवलं,
फरशीवर पाणी मारलं.
मी फवारा पिशव्यांकडं वळवला तर मनगट धरलं.
"तिला न्हाई. भिताडाला पाज."
रात्री दोनला मला फवाऱ्याची फुसफुस ऐकू यायची.
त्यांना ती ऐकू येत नाही,
म्हणून थांबायचं कधी
ते भिंतीला हात लावून ठरवायचे.

तेविसाव्या दिवशी धिंगरी फुटली,
करडी, एकावर एक, कानांसारखी.
त्यांनी एक पाकळी बोटानं उचलून खालून बघितली
आणि म्हणाले, घाम आलाय हिला,
खिडकी उघड जरा.

आज नव्या काडाला मी हात घातला.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
ही उघडी करून दाखवावी लागते.
तीन थेंब. चौथा घरंगळला.
मामंजींनी मान हलवली नाही, डोलावलीही नाही.
आंघोळ करून आले होते.
मीटरच्या खिळ्यावर आपला ओला पंचा अडकवला
आणि खुर्ची ओढून बसले.

मीटर म्हणतोय, नव्वद.