अक्षरी रुपये

शाहूपुरीत, गुळाच्या अडत दुकानावर आमचं ऑफिस.
जिन्याचा कठडासुद्धा हाताला चिकट लागतो.
तिथं माझ्या मशीनवर एक फाइल आहे, ‘कामाचं’ नावाची.
नऊ वर्षं झाली, अजून तिला धड अनुक्रम नाही.

नावामागची रिकामी जागा छाटायच्या दोन ओळी.
मोबाइल नंबरातले शेवटचे दहा आकडे तेवढे ठेवायच्या तीन.
तीन एप्रिलचा चार मार्च होऊ नये म्हणून एक,
ती शिकायला एका व्यापाऱ्याचा अख्खा हंगाम
मी उलटा छापलाय.
पाटलांसाठी वेगळी सोय:
आडनावापुढं गाव जोडल्याशिवाय हलायचं नाही,
कारण कुडित्र्याच्या संभाजी पाटलाचं बिल
वडणग्याच्या संभाजी पाटलाला गेलं
आणि तो वर आला, हमाली तोलाईसकट भांडायला.

लाइट गेली, नेट गेलं, तर
तीनदा प्रयत्न कर, मग गप्प बस.
ही मी घरीपण वापरते.

मधोमध शंभर ओळींचा एक तुकडा. तो मगदूम सरांचा.
बिलाखाली ‘अक्षरी रुपये’ लागतात, त्यासाठी.
मी नवीन होते. म्हटलं, सर, शंभर ओळी कशाला?
लूप लावू की, दशकाला एकक जोडत जायचं.
लाव, म्हणाले.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत लावत होते.
एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर,
तोच एक, दर मजल्यावर नवं सोंग घेऊन उभा,
आणि एकोणतिसापाशी तर
तीस आधीच येऊन बसलेले.
सर डबा विसळत म्हणाले,
‘हे बोलणाऱ्यांनी केलंय, बाई.
पाठ करायचं, न्हाईतर जवळ ठेवायचं.’

मग ते एकेक शब्द मोठ्यानं म्हणत गेले,
मी टाइप करत गेले.
सदुसष्ट की सडुसष्ट, यावर अडलं
तर खाली जाऊन हमालांना विचारून आले.
सदुसष्ट. तेच राहिलं.
वर त्यांनी एक ओळ लिहिली:
हात लावण्याआधी मोठ्यानं वाचा.

सर आता निपाणीला असतात, मुलाकडं.

काल तौफिक शिकलगार खुर्ची ओढत आला.
उद्यमनगरातल्या फाउंड्रीचं बिलिंग त्याच्याकडं आहे.
‘मॅडम, एक नंबर तुकडा मिळालाय.
पुण्यातल्या मित्रानं दिला, त्याला सांगलीच्या कुणीतरी.’
शंभर ओळी. वरची ओळ कुणीतरी वाटेत गाळलेली.
मी खाली खाली गेले, शहाऐंशीपर्यंत,
आणि तिथं शब्दामागं ती होती:
एक जास्तीची रिकामी जागा,
त्या दुपारी माझ्या अंगठ्यानं पडलेली.
बिलावर कुणाला दिसली नाही.
एवढ्या गावांना जाऊन आली.

छाटायच्या दोन ओळी माझ्याकडं आहेत.
मी म्हटलं, भारी आहे. ठेव जवळ.
फक्त एकदा मोठ्यानं वाच.

त्यानं वाचलं, लाजत, मग तालात.
सदुसष्टाला थांबला.
‘मॅडम, हे सडुसष्ट ना?’

मी जिन्याकडं बोट दाखवलं.