वाढवणे

मंगळवारी फळ्यावर लिहिलं: कॉल इट अ डे.
नारायण पेठ, दुसरा मजला, सात विद्यार्थी,
खाली झेरॉक्सचं मशीन धापा टाकतंय.
अर्थ सांगितला: हातातलं काम थांबवणे, आवरतं घेणे.

खळदकर काकांनी हात वर केला.
बोहरी आळीत स्टोव्हच्या पिना, कुकरच्या रिंगा,
शिट्ट्यांचे सुटे भाग विकणारा माणूस.
बोटं काळी, वहीला मात्र खाकी कव्हर.
"मॅडम, यातलं 'इट' म्हणजे कोण?
आणि रात्री नवाला त्याला दिवस का म्हणायचं?"

वाक्प्रचार आहे, म्हटलं, सोलून बघू नका.
"तसं आमचंही आहे म्हणा," ते म्हणाले,
"नारळ फोडत नाही, वाढवतो.
बांगडी फुटत नाही, वाढते.
निघालेला माणूस येतो म्हणतो,
आणि दुकान मी आजवर बंद केलेलं नाही,
रोज रात्री वाढवतो.
वाईट शब्द चपलांपाशी काढून ठेवायचा.
इंग्रजही त्यातलेच दिसतात.
अर्धामुर्धा उरलेला, तरी म्हणायचं, झाला बुवा दिवस."
वर्ग हसला. मी घड्याळ पाहिलं.

गृहपाठ: स्वतःचं एक वाक्य.
ऋजुतानं लिहिलं, नेट गेलं, सो वी कॉल्ड इट अ डे.
काकांनी लिहिलं, सगळी अक्षरं कॅपिटल:
आफ्टर फॉर्टी वन इयर्स आय कॉल्ड इट अ डे.
'इयर्स'खाली मी लाल रेघ मारली.
समासात लिहिलं, वर्षं नव्हे, एका दिवसापुरतं बोला.
दहापैकी साडेचार.

पुढचे दोन मंगळवार त्यांची खुर्ची रिकामी.
तिसऱ्या आठवड्यात कुकरची रिंग सैल झाली
म्हणून बोहरी आळीत गेले.
शटर अर्धं वर, आत रंगारी,
पाटीवर खरवडून उरलेलं नुसतं 'कर'.
शेजारचा दोरखंडवाला म्हणाला, "त्यांनी वाढवलं."
"मग उघडतील कधी?"
वावेनं सुतळी मोजता मोजता तो थांबला.
"वाढवलं, ताई."

घरी शब्दकोश काढला.
दुसरा अर्थ होता, बारीक टायपात,
मी वीस वर्षं न शिकवलेला.

वही अजून माझ्याकडेच आहे.
साडेचाराचे दहा केलेत,
लाल रेघ काही जात नाही.
कुकर तसाच, शिट्टी न देता
बाजूनं फुसफुसतो.