सातवा रकाना

गुरुवारी रॅलेहून तपासणी येणार
म्हणून सोमवारीच मी भिंतीवरचा फलक पुसायला घेतला.
वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय, अपंगत्व,
कशावरूनही इथे कुणाला अडवलं जाणार नाही.
अक्षरं ठळक आहेत. फलक दाराच्या आत आहे.
दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत.

लॉनी पर्व्हिस मार्चमध्ये खालीच थांबला होता,
चाकांच्या खुर्चीत, मांडीवर शेतातल्या मातीची पिशवी.
मी उतरले, पिशवी घेतली, पावती दिली.
तो म्हणाला, ‘माझ्यापेक्षा माझी माती नशीबवान, अर्नेटा.
ती वर जाते.’
रजिस्टरात त्या दिवशी मी लिहिलं : सेवा दिली.
खोटं नाही ते.

एकोणीसशे त्रेसष्ट साली याच गावात
गोऱ्या बायका बरण्या भरायला शिकत
कोर्टाच्या वरच्या मजल्यावर, पंख्याखाली.
आमच्या बायका चर्चमागच्या पडवीत, शनिवारी,
वरून उतरलेल्या कुकरवर. त्याचा काटा मोडका.
वाफेचा दाब माझी आई कानाने ओळखायची.
एकदा चुकली.
तिच्या मनगटावरचं ते गुळगुळीत कातडं
चाचपत मी झोपी जायचे.
तेव्हाही रजिस्टर होतं. दोन होती.
दोन्ही नीटनेटकी.

आता एकच आहे, सात रकान्यांचं.
आलेल्यांची मोजदाद चोख होते त्यात;
जे आलेच नाहीत ते कुठे भरायचे?
पान चारवर प्रश्न : सर्व वाजवी प्रयत्न केले का?
केले की. रताळ्यांच्या शेडमधल्या बायकांसाठी
स्पॅनिश पत्रकं छापली, गुलाबी कागदावर,
लाँड्रीत ठेवली.
वर्ग मंगळवारी सकाळी दहाला.
दहाला त्या पट्ट्याशी उभ्या असतात, रताळी निवडत.
आणि त्यांतल्या निम्म्या घरी स्पॅनिश बोलतच नाहीत,
मिश्तेक बोलतात,
हे मला कळलं किराण्याच्या रांगेत.
पेन ‘हो’वर टेकलं होतं. शाईचा ठिपका पडलासुद्धा.

पाच वाजता कुकर गाडीत टाकला.
शेडमागे, पाळी सुटल्यावर, नऊ जणी थांबल्या.
एउफ्रासियाची मुलगी नायेली, वय बारा,
आईचं माझ्यापाशी, माझं आईपाशी पोचवत राहिली,
मधूनच जांभया देत.
(मुलांना दुभाषी करू नये, असा नियम आहे.
तो मी मोडला. तेही लिहायचंय.)
‘दाब’ला तिला शब्द सापडेना,
तेव्हा तिने गाल फुगवले, डोळे वटारले,
आणि नऊच्या नऊ जणी खो खो हसल्या.
काटा अकरावर आला.
काटा बघा, मी म्हटलं, कानावर जाऊ नका.
हे सांगताना माझा आवाज
उगाच चढला.

रजिस्टर हातोहात फिरलं.
एउफ्रासियाने वंशाच्या एकाही चौकटीत खूण केली नाही.
शेजारच्या कोऱ्या जागेत आपल्या गावाचं नाव लिहिलं,
पेन्सिलीने, दोनदा गिरवून.

गुरुवारी मिस विदर्सचं बोट तिथेच थांबलं.
‘हे कशात धरायचं?’
मला माहीत नाही, मी म्हटलं.
पान चारवर मी ‘नाही’ लिहिलंय,
ठिपका तसाच आहे.
चला, आधी बाहेर जाऊ.
लॉनी आलाय, खाली उभा आहे...
उभा म्हणजे, तुम्ही बघालच.